बैलजोडीच्या मापाच्या कॉलन्या

खानदेशात एखाद्याचे शेत बिनशेती झाले की लोक म्हणतात, 'त्याच्या वावरात प्लॉट पडले.' पाऊस पडतो, गारा पडतात, टोळधाड पडते, तसे प्लॉट पडतात. कोणी पाडले, कशासाठी पाडले आणि असेच का पाडले, हे त्या वाक्यात कुठेच नसते. मोजणी, बिनशेती आणि लेआऊट या तीन शब्दांवर ज्यांचे पोट चालते त्यांच्यातला मी एक, त्यामुळे हे क्रियापद मला नेहमी खटकत आले आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार धुळ्यापासून वेगळे होऊन जिल्हा झाले. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, त्यांच्या मागोमाग बदल्या होऊन आलेली माणसे आली, आणि साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला राहायला जागा लागली. खेड्यापाड्यांतले शिक्षक आणि ग्रामसेवकही मुलांच्या शाळेसाठी जिल्ह्याच्या गावी प्लॉट शोधू लागले. होळ, पातोंडा, दुधाळे या शिवारांकडे शहर सरकत गेले. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहर १ लाख ११ हजारांवर आणि शहादा ६१ हजारांवर पोचले होते. या कॉलन्यांना कोणी बेशिस्त म्हणू शकत नाही. प्लॉट काटकोनात आहेत, रस्ते सरळ आहेत, नकाशावर मंजुरीचा शिक्का आहे. तरीही एका कॉलनीतून शेजारच्या कॉलनीत जायला मुख्य रस्त्यापर्यंत मागे यावे लागते, दोन्हीकडचे सांडपाणी एकाच बांधाशी येऊन थांबते, आणि मुलांना खेळायला पुरेल एवढी सलग जागा पाच कॉलन्यांत मिळूनही निघत नाही. याचे खापर साधारणपणे पैशाच्या हावेवर किंवा कार्यालयांतल्या ढिलाईवर फोडले जाते. दोन्ही असतील. पण टेबलावर पसरलेल्या नकाशांकडे रोज पाहणाऱ्याला आणखी एक कारण दिसते, आणि मला ते अधिक मुळातले वाटते. या कॉलन्यांचा आराखडा खरे म्हणजे शेताने केलेला आहे. आपण त्या शेताच्या आत फक्त रेघा मारतो.

शेताचा आकार आला कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात जी महसुली मोजणी झाली तिने सर्व्हे नंबर पाडताना एक व्यवहारी माप धरले होते. एका बैलजोडीने कसता येईल एवढी जमीन, म्हणजे साधारण एक नंबर. हलकी जमीन असेल तर नंबर मोठा, भारी काळी असेल तर लहान. खानदेशात त्या मोजणीला विरोधही झाला. १८५२ साली सावदा-फैजपूरकडे मोजणीविरुद्ध लोक हजारोंनी जमले होते. विरोध मोडला आणि मोजणी झाली. ती ज्या साखळीने झाली ती ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. भूमी अभिलेखाच्या कपाटातले जुने टिप्पण काढले तर त्यावर हाताने काढलेली शेताची आकृती आणि प्रत्येक बाजूला साखळी-आण्यात लिहिलेले अंतर दिसते. आता इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आले, उपग्रहाशी बोलणारे रोव्हर आले, सेंटिमीटरपर्यंत अचूकता आली. पण हे सारे यंत्रबळ शेवटी जुन्या टिप्पणातली तीच आकृती पुन्हा जमिनीवर उभी करण्यासाठी वापरले जाते. बिनशेतीच्या फाइलीत पहिला कागद सातबारा आणि दुसरा मोजणी नकाशा. तिथून पुढे वास्तुरचनाकार काय किंवा नगररचना कार्यालय काय, त्या चतुःसीमेच्या आतच विचार करतात. बैलांच्या ताकदीवरून ठरलेली हद्द अशा रीतीने कॉलनीची हद्द होते.

मूळ नंबर तरी बऱ्यापैकी चौरस होते. वाटण्यांनी त्यांचे पट्टे केले. शेताची वाटणी भावाभावांत नेहमी लांबीने होते, आडवी होत नाही. कारण प्रत्येकाला गाडवाट हवी, प्रत्येकाला विहिरीवर किंवा नाल्यावर हक्क हवा. शेतीच्या दृष्टीने ही वाटणी शहाणपणाची आहे. तिफण लांब तासाने चालते, वळणे कमी होतात. पण अशा पट्ट्यावर लेआऊट बसवून पाहा. समजा पट्टा दोन साखळ्या रुंद आहे, म्हणजे ६६ फूट. आतला रस्ता सामान्यतः ९ मीटरचा धरावा लागतो, म्हणजे सुमारे ३० फूट. उरले ३६ फूट. रस्ता मधोमध घेतला तर दोन्ही बाजूंना अठरा-अठरा फुटांच्या चिंध्या राहतात, त्यांवर घर होत नाही. म्हणून रस्ता एका कडेला, बांधाला चिकटून टाकायचा आणि दुसऱ्या बाजूला ३६ फूट खोलीच्या प्लॉटची एकच ओळ लावायची. रस्त्याच्या पलीकडे काय? शेजाऱ्याची कपाशी. चार-सहा वर्षांनी त्या शेजाऱ्याचेही प्लॉट पडतात. त्याचाही पट्टा दोन साखळ्यांचाच असतो. तोही आपला रस्ता बांधाला चिकटून टाकतो, कारण पहिल्याच्या रस्त्यावर त्याचा हक्क नाही. मग एका बांधाच्या दोन्ही अंगांना ९-९ मीटरचे दोन रस्ते समांतर धावतात आणि मध्ये बांध, त्यावर एक निंबाचे झाड आणि कोणीतरी टाकलेला राडारोडा. तो बांध दहा साखळ्या लांब असेल तर हिशोब सोपा आहे. दोन्ही रस्ते मिळून १८ मीटर. एकच सामायिक रस्ता केला असता तर १२ मीटरमध्ये चांगला प्रशस्त झाला असता. ६ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब, म्हणजे जवळपास सहा गुंठे जमीन. दीड हजार चौरस फुटांचे चार प्लॉट. दोन शेतकऱ्यांचे चार प्लॉट बांधाने खाल्ले, आणि तरी रस्ता कुठेच पोचला नाही.

पाण्याची गोष्ट याहून कठीण आहे, कारण पाण्याला सातबारा कळत नाही. जुने गाव वसवणाऱ्यांना हे ठाऊक होते. आपल्या भाषेत काळी आणि पांढरी अशी जोडी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी बहुधा उंचवट्यावर, पाणी न साचणारी. काळी तिच्या भोवती उतारावर. आज नंदुरबार-शहाद्याच्या पट्ट्यात नवी वस्ती जवळजवळ सगळी काळीवर उभी राहते, कारण पांढरी केव्हाच भरून गेली. तापीखोऱ्यातली ही काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर बांधायचे तर पाया खोल न्यावा लागतो, जोत्याखाली मुरूम भरावा लागतो. तो खर्च घरमालक कुरकुरत करतोच. जे एकट्याने करता येत नाही ते पाण्याच्या वाटेचे. शेतात पावसाचे पाणी ओघळींनी आणि चाऱ्यांनी नाल्याकडे जाई. एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेतकरी त्यावरून भांडत, पण वाट असे. लेआऊट करताना आपल्या हद्दीतली ओघळ मुरूम टाकून बुजवायला फारसे काही लागत नाही. नकाशावर तर ती बहुधा नसतेच, कारण मोजणी नकाशा हद्द दाखवतो, उतार दाखवत नाही. पहिल्या जोराच्या पावसात पाणी जुन्याच वाटेने येते आणि कोणाच्या तरी पोर्चमध्ये थांबते.

मोकळ्या जागेचा हिशोबही असाच फसवा आहे. नियमाप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआऊटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे जवळपास एक एकर. एकराचे दहा टक्के म्हणजे चार गुंठे. शेजारच्या पाच शेतांत प्रत्येकी एकराचे लेआऊट झाले तर नियम पाचही ठिकाणी पाळला जातो आणि पाच कोपऱ्यांत चार-चार गुंठ्यांचे पाच तुकडे मिळतात. यातल्या एकावर लहानसे देऊळ होते, दुसऱ्यात शेताची जुनी विहीर जाळी टाकून ठेवलेली असते, तिसऱ्यावर गवत. तेच वीस गुंठे एकत्र असते तर मुलांना मैदान मिळाले असते, अंगणवाडी आणि बाजूला चार झाडे बसली असती. कागदावर एक चौरस फूटही कमी-जास्त झालेला नाही. आता माणसांच्या बाजूने मोजू. एकरातून रस्ते आणि खुली जागा मिळून चाळीस टक्के गेले तर २४ गुंठे उरतात. दीड हजार फुटांचे सतरा प्लॉट. सतरा कुटुंबांना शाळा लागत नाही. दवाखाना लागत नाही. म्हणजे असे, की सतरा-सतरा कुटुंबांच्या तीस लेआऊटना मिळून पाचशे कुटुंबांना लागते ते सर्व काही लागते, पण त्यांतल्या एकाही फाइलीत ते मागण्याचे कारण निर्माण होत नाही. हा दोष कोणी मुद्दाम केलेला नाही, म्हणूनच तो सापडत नाही.

कुटुंबे मोजून वस्ती आखण्याचे उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांच्या पुनर्वसनाचे निकष नर्मदा पाणी तंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात लिहिलेले आहेत. तळोदा तालुक्यात १९९० मध्ये २७०० हेक्टर आणि १९९४ मध्ये आणखी १५०० हेक्टर वनजमीन त्यासाठी मोकळी झाली. सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर या वसाहती झाल्या. पुढे शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात खाजगी शेतजमीन विकत घेऊन वडछील, गोपाळपूर अशा वसाहती वसवल्या गेल्या. लवादाचे ते कोष्टक आखणीच्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी वाचावे असे आहे. प्रत्येक ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर, तिला गुरांसाठी हाळ. ५० कुटुंबांमागे एक पार. १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा. ५०० कुटुंबांमागे पंचायतघर, दवाखाना, बियाण्याचे कोठार, मुलांचे उद्यान आणि गावतळे. प्रत्येक वसाहत पक्क्या रस्त्याने जोडलेली. आणि प्रत्येक कुटुंबाला घरासाठी ९० फूट बाय ६० फूट जागा विनामूल्य. ५४०० चौरस फूट म्हणजे पाच गुंठ्यांना थोडे कमी. जिल्ह्याच्या गावी ज्या जागेत साडेतीन घरे बसवतो तेवढी ही एका घराची जागा. कारण घर म्हणजे गोठा, कोंबड्या, लाकूडफाटा आणि परसातला भाजीपाला हे तिथे गृहीत धरलेले आहे. या कोष्टकात सर्वात लहान एकक आहे पन्नास कुटुंबांचे. आपल्या एकरी लेआऊटमध्ये ती भरतीच होत नाही. पन्नासाला तीन एकर लागतात, शंभराला सहा, पाचशेला तीस. शहराच्या कडेला तीस एकर सलग एका सातबाऱ्यावर शोधायला गेलात तर सापडणे कठीण.

इथे आक्षेप येणार हे उघड आहे, आणि तो हलका नाही. त्या वसाहतींचे काय झाले ते माहीत असूनही त्यांचा दाखला देता? खरे आहे. जमिनीच्या वाटपाचे वाद वर्षानुवर्षे चालले. नर्मदा बचाव आंदोलनाने निवाड्यातल्या शब्दाशब्दासाठी शासनाला जाब विचारला, आणि तो विचारावा लागला यातच अंमलबजावणीची कथा आली. शिवाय कोष्टकाला जे दिसत नव्हते तेही मोठे होते. सातपुड्यातले गाव म्हणजे पाड्यांचा समूह. घर आपापल्या शेताला लागून, एका घरातून दुसऱ्या घराला हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, मध्ये टेकाड किंवा ओढा. अशा माणसांना सपाट काळीवर ओळीत बसवले. डोंगरात नदीचे पाणी, जंगलातला मोह आणि गुरांची चराई यांचा वेगळा हिशोब मांडावा लागत नसे. खाली आल्यावर प्रत्येकाची किंमत पडू लागली. पावसाळ्यात काळी चिखल होते हे तापीकाठच्या शेतकऱ्याला जन्मापासून माहीत असते, डोंगरातून आलेल्याला ते शिकावे लागले. मी हे सर्व मान्य करतो. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. वसाहतींना जे भोवले ते विस्थापन, अपुरी अंमलबजावणी आणि राहणाऱ्याला न विचारता ठरवलेला आकार. कुटुंबांच्या संख्येवरून सोयी ठरवण्याची रीत यांपैकी कशालाही जबाबदार नव्हती. उलट, शाळा का नाही, विहीर का नाही, असा प्रश्न त्या वसाहतींतला माणूस निवाड्याचा कागद पुढे करून विचारू शकला. जिल्ह्याच्या गावच्या मंजूर लेआऊटमध्ये राहणाऱ्याला तो प्रश्न विचारायला कागदच नाही. त्याच्या नकाशावर सतरा प्लॉट आहेत आणि नियम तंतोतंत पाळलेला आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा. माझे शेत मी केव्हा विकायचे ते मी ठरवीन. पाच जणांना एकत्र बांधून त्यांची घडी माझ्या गरजेवर का लादता? मुलीचे लग्न, बापाचे आजारपण, सोसायटीचे कर्ज हे शेजाऱ्याच्या सोयीने येत नाही. हा मुद्दा मला सर्वात वजनदार वाटतो. पण विकण्याची वेळ आणि जमिनीचा आकार या गोष्टी सुट्या करता येतात. आपल्या सीमेपलीकडे, नवापूर ओलांडले की, सुरतेकडे हे रोज चाललेले दिसते. तिथे नगररचना योजना, ज्याला सगळे नुसते टी.पी. म्हणतात, शेकडो एकर शिवार एकत्र घेते, बांध पुसते, रस्ते-शाळा-बागांसाठी बहुधा चाळीस टक्क्यांच्या आसपास जमीन काढून घेते आणि उरलेली त्याच मालकांना चौकोनी, रस्त्याला लागलेल्या प्लॉटच्या रूपात परत देते. पुढे तो मालक उद्या विको, वीस वर्षांनी विको किंवा तोवर त्यात तूर पेरो. गंमत अशी की ही कल्पना मूळ आपल्याच इलाख्याची. मुंबईचा नगररचना कायदा १९१५ चा, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही अशा योजनांचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुजरातने ते वापरत ठेवले, आपण बराच काळ कपाटात ठेवले. चाळीस टक्के ऐकले की शेतकरी दचकतो. पण वर मांडलेला हिशोब आठवा. एकरी लेआऊटमध्ये रस्ते आणि खुल्या जागेत तेवढीच जमीन आजही जाते. फरक एवढाच, की आज ती जाऊन बांधाशी संपणारा रस्ता मिळतो. शेतकऱ्यांनी स्वतः एकत्र येण्याचे उदाहरण म्हणून हडपसरच्या मगरपट्ट्याचे नाव हटकून घेतले जाते. तिथे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर एकत्र करून, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भाग घेऊन, २००० सालच्या सुमारास नगर वसवायला घेतले. उदाहरण मोठे आहे, पण मी ते नंदुरबारला लावताना हात आखडता घेईन. तिथे बरीचशी कुटुंबे एकाच भावकीची होती, आणि दाराशी पुण्याची आय.टी. उभी होती. आपल्याकडे दोन्ही नाही.

विकास आराखडा असताना हे सगळे कशाला, असेही विचारले जाते. नगरपालिकेच्या विकास आराखड्यात रुंद रस्ते, शाळेची आरक्षणे, बागा रंगवलेल्या असतातच. असतात, पण आराखड्यातला रस्ता जमिनीवर उतरतो तो बहुधा लेआऊटच्या मंजुरीबरोबर. ज्या शेताचे प्लॉट पडले त्या शेतापुरता रस्ता सुटतो, पुढचे शेत कपाशीत असेल तर रस्ता कपाशीत संपतो. आरक्षण पडलेले शेत तर बाजारात अडते. त्याच्या मालकाला ना भाव मिळतो ना परवानगी, म्हणून तो गुंठ्या-गुंठ्याने साध्या कागदावर विकायला लागतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, आणि त्याला वळसा घालून झालेल्या वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदाही आहे. सुरुवातीला १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना असलेली ती सवलत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. एका कायद्याने तुकडे करू नका म्हणायचे आणि दुसऱ्याने झालेले तुकडे दंड घेऊन मान्य करायचे, यातून जमिनीवर एकच संदेश जातो. तो लोकांना बरोबर कळतो.

नंदुरबारमध्ये याला आणखी एक पदर आहे, तो पुण्या-नाशिकच्या चर्चेत येत नाही. जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातीचे लोक आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदाही याच परिस्थितीतून आला, आणि त्याच्या मागे जी खदखद होती तिचे एक केंद्र आपले शहादेच होते. ३० जानेवारी १९७२ ची भूमुक्ती परिषद तिथेच भरली. त्यामुळे शहर वाढते तेव्हा ते एकसारखे वाढत नाही. बिगर-आदिवासीच्या सातबाऱ्यावर कॉलनी होते, आदिवासीच्या सातबाऱ्याशी थांबते, त्याला वळसा घालते, पुढे पुन्हा सुरू होते. धंद्यातली काही मंडळी म्हणतात, हा कायदाच शहराच्या आड येतो. मला हे अजिबात पटत नाही. कायद्याने थांबवलेली गोष्ट आहे मालकी जाण्याची, रस्ता होण्याची नव्हे. गोंधळ यामुळे होतो की आपल्या पद्धतीत रस्ता होण्यासाठी आधी विक्री व्हावी लागते. टी.पी. योजनेत मालक तोच राहतो, फक्त त्याच्या वावराचा आकार बदलतो. मधल्या पट्ट्यातल्या भिल्ल किंवा मावची शेतकऱ्याला आज शहर जवळ आल्याचा काडीचा फायदा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना घरे झाली, गाडवाट मात्र बंद झाली. त्याच्याच नावावर, रस्त्याला लागलेला, गाळा काढता येईल किंवा भाड्याने देता येईल असा प्लॉट परत मिळाला तर संरक्षणाचा कायदा अबाधित राहून शहराच्या किमतीत त्याला वाटा मिळेल. अशा फेरआखणीत त्याची चांगली जागा दुसऱ्याला जाऊन त्याच्या वाट्याला नाल्याकडची येण्याचा धोका आहे, तो मी नाकारत नाही. म्हणून असे प्लॉट कुठे द्यायचे, हे योजनेच्या पहिल्या नकाशातच आणि ग्रामसभेपुढे ठरले पाहिजे.

शेवटी राहतो तो लहान गावाचा आक्षेप: मोठ्या शहरांची ही औषधे, जिल्ह्यात अजून सहा माणसांमागे एकच शहरात राहतो, इथे एवढी घाई कसली? माझा अनुभव उलटा सांगतो. बांध पुसणे सोपे असते ते प्लॉट पडण्याआधीच. एकदा सतरा जणांची खरेदीखते झाली, सतरा गृहकर्जे निघाली, कंपाऊंडच्या भिंती बांधाच्या दगडावर चढल्या, की तो बांध कायमचा. नंदुरबारच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्या असतात. हिवाळ्यात ओली लाल मिरची मोकळ्या रानात एकरच्या एकर पसरून वाळवायची, दिवसातून वरखाली करायची, डोक्याला फडके बांधून बाया ती वेचत, डेख खुडत असतात. पथारीला जागा मोकळी, सपाट, रस्त्याजवळ आणि वस्तीपासून थोडी दूर लागते, कारण खाट घरात शिरला की माणूस बसू शकत नाही. म्हणजे प्लॉट पाडणाऱ्याला जी जमीन हवी नेमकी तीच. वस्ती जवळ आली की पथारी पुढच्या शिवारात जाते, आणि पथारी जिथे गेली तिथे काही वर्षांनी मोजणीचा अर्ज येतो. आज जिथे मिरची वाळते आहे त्या रानांची टिप्पणे काढून पाहिली तर तीच आकृती दिसते: दहा साखळ्या लांब, दोन साखळ्या रुंद, एका बाजूला गाडवाट, आणि मधून गेलेली, नकाशावर नसलेली एक ओघळ.